कुठलं कुलूप जास्त पक्कं

८ जानेवारी

खुडबुड्या,

आशीर्वाद नेहमीचेच. या वेळी मात्र कामासाठी लिहितेय, त्यामुळे उत्तर टाळायची सोय नाही.

आमच्या वाचनालयात म्हाताऱ्यांसाठी फोनचा वर्ग निघाला. शिकवणारी मुलगी चुणचुणीत, पण बोलते अशी की जणू आम्ही सगळेच बहिरे आहोत. बहिरी मी एकटीच, आणि तीही फोनवरच जास्त. ती म्हणाली, तुमचे निरोप मजबूत एन्क्रिप्शन करून पाठवले जातात, मधे कुणाला वाचता येत नाहीत, निश्चिंत राहा. मी विचारलं, मजबूत म्हणजे कशापेक्षा मजबूत? तर म्हणते, खूपच मजबूत हो आजी. मी म्हटलं, माझ्या बहिणीचा मुलगा दिवसभर हेच काम करतो, कुणाचं कूट, म्हणजे गुप्त लिपी, किती टिकेल ते तपासतो, मी त्यालाच विचारीन. तिचा चेहरा एवढासा झाला. तर आता सांग, ही कुलपं असतात तरी किती प्रकारची आणि त्यांत पक्कं कुठलं. पाल्हाळ नको, पण अगदी हातावर टेकवल्यासारखं त्रोटकही नको.

इकडचं सांगायचं तर खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई गेली. तिची मुलगी येऊन शिलाईचं मशीन घेऊन गेली. त्या मशीनला मी किती नावं ठेवायची ते तुला ठाऊक आहे. आवाज मला फारसा यायचा नाही, पण दुपारी आडवी झाले की खाटेच्या पायांतून थरथर लागायची आणि कळायचं, बाई कामाला बसली. आता आडवी होते आणि नुसतीच जागी राहते. जिन्यात नवी बिऱ्हाडं आहेत, ती दार लावून घेतात. परवा टपालवाल्याशी इतकी बोलत बसले की बिचारा बोलता बोलता मागे सरकत पार फाटकापर्यंत गेला.

मुद्द्याचं शेवटी लिहितेय. दोन वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास, मावशी, आमच्याकडे पूर्वेची खोली रिकामीच आहे, तू ये. तेव्हा मी आढेवेढे घेतले. आता घेत नाही. थंडी सरली की कायमचं यावं म्हणते. सूनबाईंना विचार, आणि नीट विचार, त्यांच्या तोंडात उत्तर घालू नकोस. तुझ्या लेकीला, ठकूला सांग, तिने काढलेली सगळी मांजरं मी भिंतीवर लावली आहेत.

मावशी

१२ जानेवारी

मावशी, नमस्कार.

पत्र आज मिळालं आणि लगेच लिहायला बसलो. असा प्रश्न मला घरचं कुणी कधी विचारत नाही.

सगळ्यांत कच्चं कूट म्हणजे तू मला लहानपणी शिकवलंस ते. प्रत्येक अक्षराच्या जागी तीन घरं पुढचं अक्षर, म्हणजे क लिहायचा तर घ लिहायचा. ते फोडायला डोकंही लागत नाही. एक घर सरकवून बघ, दोन सरकवून बघ, वर्णमाला संपायच्या आत अर्थ लागतो. त्याच्या वरचं, म्हणजे अक्षरांची वाटेल तशी अदलाबदल. त्याच्या शक्यता मोजायला बसलं तर जन्म पुरायचा नाही. लोक फसतात ते इथेच. शक्यता अफाट म्हणजे कुलूप पक्कं, असं त्यांना वाटतं. पण आपण 'आहे' आणि 'नाही' इतक्यांदा लिहितो की तेच दोघे चुगली करतात. जी चिन्हं घडी घडी येतात ती धरायची आणि ओढायचं, अख्खं पत्र उसवतं.

आजच्या यंत्रांतली किल्ली म्हणजे शून्य आणि एक यांची माळ. माळेत एक मणी वाढला की चोराचं काम दुप्पट होतं. एके काळी छप्पन्न मण्यांची माळ पुरेशी मानायचे, ती आता सहज फुटते. एकशे अठ्ठावीस मण्यांची मात्र अशी की जगातली सगळी यंत्रं जुंपली तरी आपली पतवंडं म्हातारी होतील आणि काम चालूच असेल. शिवाय एक जात दोन किल्ल्यांची. एकीने कुणीही बंद करावं, उघडणारी फक्त मालकाकडे. तिला तीन हजारांवर मणी लागतात तेव्हा कुठे ती त्या एकशे अठ्ठावीसवालीच्या बरोबरीला येते. म्हणून नुसती लांबी बघून पक्केपणा ठरवायचा नसतो. ग्राहकांना एवढं पटवण्यात माझा अर्धा दिवस जातो.

आणि अजिबात न फुटणारंही एक आहे. किल्ली मजकुराइतकीच लांब, तिच्यात काडीचाही ताळमेळ नाही, आणि एकदा वापरली की जाळून टाकायची. अडचण एवढीच की दोघांनी आधी भेटून ती वाटून घ्यावी लागते. आता भेटताच येत असेल तर माणूस पत्र कशाला लिहील?

खोलीचं म्हणशील तर सध्या रंगकाम काढलंय. तिथलं सामान सगळं मधल्या खोलीत येऊन पडलंय, पाय ठेवायला जागा नाही. जरा थांब. हिने नमस्कार सांगितलाय. ठकूने नवीन मांजर काढलं, ते सोबत पाठवतोय.

तुझा खुडबुड्या

२० जानेवारी

खुडबुड्या,

पत्र तीनदा वाचलं. चुगली करणारे 'आहे' आणि 'नाही' फार आवडले. आमच्या वेळी हे कुणी इतकं रंगवून सांगितलं असतं तर मीही वरच्या मजल्यावर गेले असते.

तुला वाटतं मी बिनतारी खात्यात कूट फोडत होते. तू शाळेत तसं सगळ्यांना सांगायचास, आणि मी तुला कधी दुरुस्त केलं नाही. फोडणारे हुशार लोक वरच्या मजल्यावर बसायचे. आम्ही बायका तळघरात, कानाला हेडफोन लावून. आमच्यापर्यंत आलेला मजकूर आम्हाला कधीच कळला नाही, एक शब्दसुद्धा. आम्ही टिपायचो ते एवढंच की कोण कुणाला हाक मारतंय, केव्हा, किती वेळ, आणि गप्प कधी झालं. एखादं ठाणं एरवी दोन शब्द बोलणारं अचानक बडबडायला लागलं की आमच्या प्रमुख बाई म्हणायच्या, यांचं बिऱ्हाड हलणार. आणि हलायचं. वरचे लोक डोकं धरून बसलेले असायचे, तोवर बाईंनी चहा पिता पिता सांगून टाकलेलं असायचं.

म्हणून माझा पुढचा प्रश्न. तुझ्या त्या एकशे अठ्ठावीस मण्यांच्या माळेने हे झाकलं जातं का?

रंग वाळला का? मी घरमालकाला सांगून टाकलंय, फेब्रुवारीअखेर जागा सोडते. मोठी भांडी वरच्या नव्या बिऱ्हाडाला दिली. त्या निमित्ताने त्यांनी दार तरी उघडलं.

मावशी

२४ जानेवारी

मावशी,

घरमालकाला इतक्यात कशाला सांगितलंस? रंग वाळायला वेळ लागतोय, भिंतीला ओल आहे. मग हिचे आईवडील राहायला येणार आहेत, आणि नंतर ठकूची परीक्षा. जागा सोडायची घाई करू नकोस, आणखी दोन महिने मागून घे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की नाही, झाकलं जात नाही. कूट कितीही पक्कं असो, पाकीट दिसतंच. त्याला उपाय एकच, बोलायचं असो वा नसो, ठरल्या वेळी सारखाच मजकूर पाठवत राहायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. पण तुमच्या बाईंच्या कामाला मी फोडणं म्हणणार नाही. तो अंदाज झाला. गणित चुकत नाही, अंदाज चुकू शकतो. त्यामुळे पक्केपणाच्या तुलनेत मी तो धरत नाही.

याबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर विचार. सावकाश नको, लवकर विचार.

तुझा खुडबुड्या

१८ फेब्रुवारी

खुडबुड्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण ऐकत होते. नुसता अंदाज म्हणालास ते नाकाला झोंबलं. तुझी गेल्या वर्षापासूनची सगळी पत्रं टेबलावर मांडली आणि तू त्यांत काय म्हणतोस तिकडे लक्षच द्यायचं नाही असं ठरवलं. पाकिटं, शिक्के, तारखा, कागद, अक्षर. हात लगेच बसला. मनात पाल चुकचुकली होती, ती उगाच नव्हती.

सूनबाई तुझ्या प्रत्येक पत्राच्या कडेला दोन ओळी लिहायच्या, बहुतेक तुझी तक्रार. मागच्या उन्हाळ्यापासून एकही ओळ नाही. 'हिने नमस्कार सांगितलाय' हे तुझ्याच अक्षरात. पाकिटावरचा शिक्का तुमच्या भागातल्या टपाल कचेरीचा नाही, भलत्याच कचेरीचा. कागदाला यंत्राच्या तेलाचा वास. अक्षर चांगलं चाललेलं असतं आणि मधेच चार ओळी नाचतात, पुन्हा सरळ होतात. माझं पत्र मिळालं की तू त्याच दिवशी उत्तर लिहितोस. घर असलेल्या माणसाला ते जमत नाही, तुझी आई आठ दिवस घ्यायची. आणि मांजर. ठकूच्या मांजरांना मिशा नसतात, तिच्या मते मिशा फक्त बाबांना. या मांजराला मिशा आहेत, आणि शेपूट तू लहानपणी काढायचास तसं वर जाऊन वळलेलं.

तर अर्थ उघड आहे. मी यावं हे सूनबाईंना नकोय. माझ्यावरून तुमचं बिनसलंय, म्हणून तू घरी न लिहिता बसमध्ये मांडीवर कागद धरून लिहितोस आणि दूरच्या पेटीत टाकतोस. पोरीलाही मला काही पाठवायची बंदी झाली, म्हणून मांजर तू काढलंस. रंग, ओल, सासू-सासरे, परीक्षा, सगळं त्याच माळेतलं.

सूनबाईंचा मला राग आहे, खोटं कशाला बोलू. पण थोडाच. बहिऱ्या म्हातारीला कुणी का म्हणून घरात घ्यावं? तुझा जास्त आहे. सरळ नाही म्हणाला असतास तर दोन दिवस रडून मोकळी झाले असते. जीव टांगणीला लावून ठेवलास, ते बरं केलं नाहीस.

शहराबाहेर वृद्धाश्रम आहे, तिथे नाव घातलंय. परवा जाणार. तुझ्या घरात माझ्यापायी वाद नको. आता खोलीबद्दल काही लिहू नकोस.

मावशी

२२ फेब्रुवारी

मावशी,

तू टिपलेलं सगळं बरोबर आहे. अर्थ चुकला.

ही मागच्या उन्हाळ्यात ठकूला घेऊन गेली. आदळआपट काही झाली नाही. ती म्हणाली, तुझ्याशी बोलणं म्हणजे बंद दाराशी बोलणं, मला आता कंटाळा आला. तेव्हासुद्धा मी ताकास तूर लागू दिली नाही, पेपर वाचत बसलो. त्यानंतर मी ते घर सोडलं. पूर्वेच्या खोलीत आता दुसऱ्या कुणाची तरी मुलं झोपतात. तुझ्याबद्दल ती कधी वावगं बोललेली नाही. उलट शेवटच्या दिवशी म्हणाली, मावशींना मी लिहू का? मी म्हटलं, मी लिहितो.

मी एका छापखान्याच्या वर राहतो. एक खोली, एक खाट, एक टेबल. खाली यंत्र सुरू झालं की टेबल हलतं आणि माझं अक्षर नाचतं. वास त्याच यंत्राच्या तेलाचा. तुझी पत्रं जुन्या घरावरून इकडे वळवून येतात. आलेल्या दिवशीच उत्तर लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर कामावरून आल्यावर करायला काही नसतं. तू कुलपांबद्दल विचारलंस तेव्हा दोन संध्याकाळी बऱ्या गेल्या. म्हणून आणखी विचार म्हणालो.

मांजर डाव्या हाताने काढलं. मिशा नसतात हे मला ठाऊक नव्हतं. ठकू रविवारी दुपारी बागेत भेटते, आम्ही बाकावर बसून खातो आणि ती शाळेचं सांगते. तिने मला इतकी मांजरं दाखवली असतील आणि मला ते ठाऊक नव्हतं.

तुला का सांगितलं नाही ते लिहितो. लाज होतीच. पण ऑफिसात सगळ्यांना कळलं होतं, जुन्या गल्लीतल्या दुकानदाराला कळलं होतं, एक तूच उरली होतीस. तू लिहायचीस, सूनबाईंना विचार, ठकूला सांग. तेवढ्यापुरतं ते घर उभं असायचं. मी रंगकाम लिहिलं तेव्हा मला खरंच भिंती दिसत होत्या, रंगसुद्धा ठरवला होता. तुला सांगितलं असतं तर ते कुठेच उरलं नसतं.

तू वृद्धाश्रमात गेली नसशील तर जाऊ नकोस. गेली असशील तर त्याला हिचा काही दोष नाही, सगळा माझा. तुला ठेवून घ्यायला माझ्याकडे जागा नाही, एवढंच त्या सगळ्यात खरं होतं, आणि ते मी दहा खोट्या गोष्टींच्या आडून सांगितलं.

मला तुझी फार आठवण येते, मावशी. हे मी कुणाला सांगत नाही.

खुडबुड्या

५ मार्च

खुडबुड्या,

तुझं पत्र दोन पत्ते फिरून काल मिळालं. मी इथे येऊन पडलेय. खोलीत तीन खाटा आहेत, मधली माझी. डावीकडची बाई दिवसभर झोपलेली असते. उजवीकडची मला तिची धाकटी बहीण समजते आणि केस नीट बांध म्हणून ओरडते. मी बांधते. खायला वेळेवर मिळतं, चादरी स्वच्छ आहेत, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. मोठ्याने बोलतात, पण ते औषधांबद्दल.

पत्र वाचून आधी तुझा असा राग आला की ते चुरगाळून टाकलं, मग पुन्हा सरळ केलं. वर्षभर ऐकून मला भलतंच ऐकू आलं आणि मी त्या भरवशावर राहतं घर सोडलं. तुझं कुलूप पक्कं निघालं, शाबासकी घे. सूनबाईंबद्दल मी मनात जे धरलं ते मलाच निस्तरायला हवं, त्यांचा पत्ता पाठव. ठकूला मांजराबद्दल मी लिहीन, तू मधे पडू नकोस.

मीही काही कमी नाही. वाचनालयातला वर्ग मागच्या वर्षीच बंद पडला. चार जण होतो, त्यांतले तिघे येईनासे झाले आणि एकटीसाठी कोण वर्ग चालवणार? मला कुलपांशी काय देणंघेणं? तुला कसा आहेस विचारलं की 'मजेत' लिहून मोकळा होतोस. कुलपांचं विचारलं की पानंच्या पानं येतात, आणि ती वाचायला मला चार दिवस पुरतात.

एक गोष्ट मी तुझ्या आईलाही सांगितली नव्हती. खात्यात माझ्या वाट्याला एक ठाणं होतं, रोज सकाळी ठरल्या वेळी हाक मारणारं. पाठवणारा माणूस मी त्याच्या हातावरून ओळखायचे, प्रत्येकाचा टकटक करायचा ढंग निराळा असतो. आम्ही त्याला 'जावईबापू' म्हणायचो, कारण त्याला वाट बघवायची नाही, उत्तर आलं नाही की लगेच पुन्हा हाक. एका हिवाळ्यात त्याला समोरून कुणी उत्तर देईनासं झालं. का, ते आम्हाला कळलं नाही. तो मात्र रोज वेळेवर यायचा, हाक मारायचा, थांबायचा, पुन्हा हाक मारायचा, मग आपला कूटातला निरोप पाठवून गप्प व्हायचा. हळूहळू त्याचा हात जड होत गेला. त्या संपूर्ण हिवाळ्यात त्याचं ऐकणारी मी एकटी होते, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. आमचं काम फक्त ऐकायचं. उत्तर द्यायचं यंत्र आमच्या खोलीत ठेवलेलंच नव्हतं.

मग एका सकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी त्याच्या नावापुढे 'बंद' लिहिलं आणि घरी जाऊन तुझ्या आईच्या हातचं गपगुमान जेवले. त्याचं कूट वरच्या मजल्यावर शेवटपर्यंत कुणाला फुटलं नाही. इतकं पक्कं होतं. त्या पक्केपणाचा त्याला काय उपयोग झाला, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय.

तुझ्याकडे जागा नाही असं तू लिहितोस. मला किती जागा लागते, हे तू मला कधी विचारलंस का? मी खोलीसाठी येत नव्हते. इथल्या व्यवस्थापक बाईंशी मी बोलले आहे, महिना संपायच्या आत नाव काढून घेता येतं. तुझी खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोज. दार आत उघडतं की बाहेर, तेही बघ. दुसरी खाट कुठे बसेल ते मला लिहून कळव. बसत नसेल, तर तुझी खाट थोडी सरकव.

मावशी